टोपीकडे पाहून वर गेलेला हात

तेजस्विनीनं सासऱ्यांपुढे पोह्यांची बशी ठेवली. वर भरपूर शेव, बाजूला लिंबाची फोड. भय्यासाहेबांनी घास घेण्याआधी बोट वर केलं.

"सूनबाई, एकदा फिरून सांगतो. मी गॅलरीत बसेन. टोपी काढली की हात वर. टोपी डोक्यावर असली की चूप बसायचं. बस, इतकंच."

"पण मामंजी, ठराव कसला आहे ते..."

"ते मी बघून घेईन ना! तू कशाला टेन्शन घेतेस?"

कढई उतरवत सासूबाई हसल्या. "इतकी सोपी नोकरी कुणाला मिळते गं?" नवऱ्यानं, मंदारनं, पेपर आणखी थोडा वर धरला.

त्या वर्षी प्रभाग बायकांसाठी राखीव झाला, भय्यासाहेबांची जागा गेली, म्हणून त्यांनी बावीस वर्षांच्या सुनेला पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, निवडणुकीला उभं केलं. पोस्टरवर तिचा फोटो सुपारीएवढा, त्यांचा परातीएवढा. वर ठळक अक्षरांत 'युवाशक्ती'. देशाचे दरवाजे जगाला उघडले म्हणून त्या दिवसांत केवढा गाजावाजा होता! हिंदी मुलखात, माधव नगरातल्या या मराठी घरात मात्र निवडून आलेल्या बाईला तोंड उघडायची सोय नव्हती. आणि हे असं घर एकच होतं असं कुणी समजू नये.

मिलमागच्या वस्तीतल्या पोरांनी मात्र ती 'युवाशक्ती' खरी मानली. तिच्या प्रचाराला ती पोरं दारोदार फिरली. पुढे असायची जयू, बंद पडलेल्या मिलच्या कामगाराची मुलगी, तेजस्विनीच्याच वयाची. कडेवर तिचा बबलू. तिनं नळाचं पाणी ग्लासातून तेजस्विनीसमोर धरलं होतं.

"पिऊन बघा दीदी. नाही ना पिववत? आमची पोरं हेच पितात. पाइप गटारातून गेलाय. म्हाताऱ्या नेत्यांना सांगून थकलो. तुम्ही आमच्या वयाच्या. तुम्ही बोलाल."

तेजस्विनीनं शब्द दिला होता. मनापासून दिला होता.

पालिकेच्या सभागृहात लाइट गेलेली, मे महिन्याची काहिली. पाइप बदलण्याचं काम पुढे ढकलून तो पैसा नदीच्या घाटावरच्या रोषणाईला द्यावा, असा ठराव वाचला गेला. भय्यासाहेबांना तो नकोच होता; वस्तीची मतं त्यांनाही हवी होती. पण तेजस्विनी ऐकत नव्हती. ऐकण्याचं काम तिला कुणी दिलंच नव्हतं. ती टोपीकडे बघत होती.

"प्रस्ताव के पक्ष में हाथ उठाइए," अध्यक्ष म्हणाले.

टोपी निघाली. तिचा हात वर गेला. भय्यासाहेबांनी रुमालानं टक्कल पुसलं आणि टोपी परत घातली.

ठराव एका मतानं पास झाला.

"अगं, मी घाम पुसत होतो!" स्कूटरला किक मारत ते म्हणाले. "जाऊ दे. होऊन जातं असं कधी कधी. पुढल्या वर्षी बघू."

टावर चौकात मित्रांना त्यांनी हा किस्सा रंगवून सांगितला. सगळे पोट धरून हसले.

पुढच्याच महिन्यात वस्तीत जुलाब-उलट्यांची साथ आली. बबलू दवाखान्याच्या पायरीवरच गेला.

तेजस्विनी वस्तीत पोचली तेव्हा जयू भिंतीला टेकून बसली होती. रडून झालं होतं.

"जयू, मामंजींनी टोपी..."

"हात कुणाचा होता, दीदी?"

"माझा."

"मग मामंजींचं नाव कशाला घेता?"

घरी भय्यासाहेब खवळले. "तिथे जायची काय गरज होती? आता सगळं आपल्यावर येईल!"

"आलंच आहे, मामंजी," ती म्हणाली. त्या घरात तिनं दिलेलं हे पहिलं उत्तर.

पुढच्या बैठकीला ती सासऱ्यांशिवाय, रिक्षानं गेली. जाताना वस्तीतल्या पोरांना आणि जयूला सोबत घेऊन गेली. जयू यायला तयार नव्हती; शेवटी आली. गॅलरीत भय्यासाहेब बसायचे त्याच बाकावर पोरं बसली. तेजस्विनीनं खुर्ची फिरवली आणि गॅलरीकडे पाठ केली. सासऱ्याच्या जागेकडे पाठ! सभागृहात कुजबुज झाली.

ती उठली. "मागच्या वेळी मी ठराव ऐकला नव्हता. तरी हात वर केला. त्यात एक मूल गेलं. पाइपचा विषय पुन्हा चर्चेला घ्या. आणि मी हे बोलले, ते लिहून घ्या."

अध्यक्षांनी घसा खाकरला. "बहू, बैठ जाओ. भय्यासाहेब से बात कर लेंगे."

"पार्षद मी आहे. माझ्याशी बोला."

"ये रिकॉर्ड में नहीं आएगा."

"येईपर्यंत मी उभी आहे."

सवयीनं क्लार्कनं वर गॅलरीकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. शेवटी त्यानं पेन उघडलं.

तेव्हा कुठे तेजस्विनीनं मागे वळून वर पाहिलं. पोरं होती. जयू निघून गेली होती.

तेजस्विनी खाली बसली नाही. "लिहा," ती म्हणाली. "बबलू. वय तीन वर्षं."