धुतलेलं बेणं

मित्रांनो, मी बटाट्याच्या बेण्याची पेटी आहे, आणि माझं वय विचाराल तर मी तरुण मुळीच नाही. माझ्या चारही कोपऱ्यांतले खुंट कडेपेक्षा वर आलेले आहेत, त्यामुळे माझ्या डोक्यावर दुसरी पेटी ठेवली तरी मधून वारा आणि उजेड खेळता राहतो. बेण्याला कोंब फुटायला एवढंच लागतं. ज्याला हे ठाऊक नाही तो मला बघून म्हणतो, "या टेबलाचे पाय वर कसे?" मध्यंतरी एका पाहुणीनं माझ्यात फुलांच्या कुंड्या ठेवायचा घाट घातला होता. तिची कुंडी घसरून फुटली, त्यात माझा काहीच हात नव्हता असं मी शपथेवर सांगणार नाही.

मला घडवलं एफी मॅकनीलच्या वडिलांनी. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर किन्टायर नावाची जमिनीची लांब जीभ समुद्रात गेली आहे, तिच्या अगदी टोकाला त्यांचं शेत. वादळानंतर वाळूवर येऊन पडलेल्या फळ्या त्यांनी उचलल्या, वाळवल्या आणि माझ्यासारख्या काही पेट्या ठोकल्या. माझ्या बहिणी एकेक करून चुलीत गेल्या. मी राहिले, कारण माझ्यात नेहमी बाबांचा बटाटा असायचा.

बाबांचा बटाटा म्हणजे त्यांनीच जपलेला वाण. त्याला बाजारात नाव नव्हतं, कुठल्या कागदावर नोंद नव्हती. साल पांढरट, डोळे जांभळे, आणि उकडला की नुसत्या लोण्यामिठाशी खावा असा. वडील गेले तेव्हा त्यांच्या दोन मुलींना शेताखेरीज वाट्याला आलं ते हेच. थोरली एफी शेतावर राहिली. धाकटी मोरॅग लग्न करून पाण्यापलीकडे गेली, उत्तर आयर्लंडमधल्या अँट्रिमच्या किनाऱ्यावर. मधे बारा मैलांचं पाणी. हवा स्वच्छ असली की एफीच्या दारातून मोरॅगच्या गावची पांढरी घरं दिसतात.

मोरॅगच्या वाफ्यात बटाटा छान पिकायचा, पण तिकडची हवा उबदार आणि दमट. तिथं ठेवलेलं बेणं थकतं, दुसऱ्या वर्षी पानं मुरडतात. एफीच्या थंड, वाऱ्यानं झोडपलेल्या शेतात मात्र ते ठणठणीत राहतं. म्हणून दर वर्षी वसंतात, मार्चमधल्या सेंट पॅट्रिकच्या सणाआधी, मी पलीकडे जायची. लॅक्लन नावाचा शेजारी कोळंबी धरायच्या बोटीवर होता. तो मला बोटीच्या नाकाशी दोरीनं बांधून न्यायचा आणि सबंध वाटभर खोकत गाणी म्हणायचा. धक्क्यावर मोरॅग उभी असायची, लग्नात घेतलेल्या हिरव्या कोटात.

"आली गं बाई माझी माहेरची पेटी!" असं म्हणून ती आधी माझ्यात नाक खुपसायची, मग लॅक्लनकडे बघायची.

"मीही आलोय म्हटलं," लॅक्लन म्हणायचा.

"तुला काय वास घ्यायचा? तुला तर इथूनच कोळंबीचा येतोय."

मित्रांनो, ते दिवस आठवले की माझ्या फळ्या अजून सैल होतात. मला कुणी रिकामी परत पाठवत नसे. परतताना माझ्यात तव्यावर भाजलेला सोड्याचा पाव असायचा, चघळायला वाळवलेलं लालसर समुद्री शेवाळ असायचं, एकदा तर मांजराचं पिल्लू होतं. मोरॅगनं आपल्याकडे बेणं कधी राखलंच नाही. पेटी येणार, हे सूर्य उगवणार इतकं पक्कं होतं, त्यामुळे हिवाळा सरता सरता ती शेवटचा बटाटाही उकडून खायची.

मग ब्रिटन युरोपच्या व्यापारी संघातून बाहेर पडलं. रेडिओवर वर्षानुवर्षं त्याचीच चर्चा होती. शेडमधल्या रेडिओखाली माझी जागा असल्यामुळे मी सगळं ऐकलं आणि मला फारसं काही कळलं नाही. एवढंच कळलं, की आमचं घर एकत्र कुटुंबातून वेगळं निघालं, पण मोरॅगचा किनारा आमच्याच राज्यातला असूनही मालाच्या बाबतीत जुन्याच घराच्या नियमांत राहिला. वाटणी झाली आणि उंबरठा नेमका बारा मैलांच्या पाण्यात पडला.

त्या जानेवारीत मोरॅगचा फोन आला. एफी शेडमध्ये बेणं निवडत होती, म्हणून तिनं फोन माझ्या कडेवर उभा करून आवाज मोठा केला.

"अगं, आमच्या दुकानात ये एकदा, बघायला मिळेल," मोरॅग म्हणाली. "फळ्या अशा रिकाम्या, की त्यांचा रंग कोणता होता ते मला आज पहिल्यांदा कळलं. सॅलड नाही, सॉसेज नाही. दुकानदार म्हणतो ट्रक बंदरात कागदांसाठी अडकलेत. लोकांनी भांडून पीठ नेलं."

"तू खातेस काय मग?"

"ओट्सची पेज. सकाळी पेज, रात्री पेज. घोड्यासारखी झालेय. जाऊ दे, पेटी आली की भागेल माझं. बाबांचा बटाटा जमिनीत पडला म्हणजे मला दुकानाची पर्वा नाही."

इकडेही बरं नव्हतं. लॅक्लनची कोळंबी एरवी दोन दिवसांत स्पेनच्या ताटात असायची. आता ती कुठल्याशा गोदामात एका सहीची वाट बघत मरून पडत होती. तो शेडच्या दारात येऊन बसायचा आणि नुसता टोपी फिरवत राहायचा. गाणी त्यानं सोडली होती, खोकला तेवढा उरला होता.

"लॅक्लन, सणाआधी पेटी न्यायची आहे," एफी म्हणाली.

"बोटीतून नाही नेणार बाई. आता पलीकडे बेणं न्यायला बंदी आहे. धरलं तर माझा परवाना जाईल, आणि माझ्याकडे आता तेवढाच एक उरलाय."

"अरे, मी काय बॉम्ब पाठवतेय का? बटाटे आहेत!"

"ते मला सांगू नकोस. मातीचं काहीतरी आहे म्हणे. आपल्याकडची माती तिकडे चालत नाही."

हे ऐकलं आणि एफीच्या डोक्यात दिवा लागला. मित्रांनो, तो लागला नसता तर बरं झालं असतं. माती चालत नाही ना? मग मातीच काढून टाकू! तिच्या बहिणीला खायची भ्रांत पडली होती, त्यामुळे त्या वर्षी तिनं नेहमीच्या दुप्पट बेणं काढलं, जवळजवळ सगळंच. अंगणात टब मांडून एकेक बटाटा साबणाच्या पाण्यात घातला. तिच्या गेलेल्या नवऱ्याचा दाढीचा ब्रश कुठल्याशा खणात जपून ठेवलेला होता, त्यानं ती बटाट्यांचे डोळे घासत बसली. मग हेअर ड्रायर घेऊन त्यांना वाळवायला लागली. मलाही तिनं उलटी करून खरवडलं. माझ्या सांध्यांतली माती वडिलांच्या काळापासूनची होती. ती गेली तेव्हा मला थंडी वाजली.

जन्मभर बेणं राखणाऱ्या बाईला हे कळायला नको होतं का? कळत होतंच तिला. धुतलेलं बेणं टिकत नाही, हे तिनं स्वतः गावातल्या पोरांना शिकवलं होतं. पण बहीण उपाशी आहे म्हटल्यावर शहाणपण कुठं पळतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. जे बटाटे अगदीच गोट्यांएवढे होते ते तिनं कोपऱ्यात फेकले. असलं काय पाठवायचं बहिणीला, म्हणाली.

लॅक्लनला पलीकडून इंजिनाचा एक भाग आणायचा होता. तो गाडीनं लांबच्या वाटेनं जाऊन मोठ्या फेरीबोटीत चढणार होता. राजरोस बंदरावर पेटी दाखवायची, नाही म्हणाले तर परत आणायची, असं ठरलं. वादळी पाऊस लागला, फेरी रद्द झाली, आणि दुसरी मिळेपर्यंत मी चकचकीत बेण्यासह गाडीच्या मागच्या भागात ताडपत्रीखाली पडून राहिले. वारा नाही, उजेड नाही. घाईत वाळवलेल्या सालींचं पाणी माझ्या तळाशी उतरत होतं.

पलीकडच्या बंदरावर एक तरुण अधिकारी बाई होती. तिनं ताडपत्री उचलली आणि तिच्या भुवया वर गेल्या.

"हे बटाटे कुणी धुतले?"

"थोरल्या बहिणीनं," लॅक्लन म्हणाला. "धाकटीसाठी. बघा, मातीचा कण नाही."

ती बाई कठोर नव्हती. तिनं एक बटाटा उचलून फिरवून पाहिला. "आमची आजी असं काही पाहती ना, तर रडली असती. काका, नुसत्या मातीचा प्रश्न नाही हो. बेणंच येऊ शकत नाही तिकडून. आणि उद्या नियम सैल झाला तरी नोंदलेल्या वाणालाच शिक्का मिळणार. याचं नाव काय?"

"बाबांचा बटाटा."

"ते मला कुठं लिहिता येणार?"

तिनं मला परत न्यायला सांगितलं. धक्क्याच्या बाहेर मोरॅग हिरवा कोट घालून उभी होती असं लॅक्लननं नंतर सांगितलं. तो तिला भेटला तेव्हा त्याचे हात मोकळे होते, आणि तिनं त्याच्या कोळंबीच्या वासाबद्दल एक अक्षरही काढलं नाही.

मी घरी पोहोचले तोवर बेणं मऊ पडलं होतं. एफीनं बोट लावलं तर आत गेलं. वास असा सुटला की मांजर शेडमधून उठून गेलं. एफी माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मग तिनं नाक पुसलं आणि फोन लावला.

"मोरॅग, सडलं गं सगळं. मी धुतलं आणि सडवलं."

"धुतलंस?" पलीकडून मोरॅग हसायला लागली. "तू? बेणं? साबणानं की काय?"

"साबणानं."

हसणं थांबलं. "म्हणजे बाबांचा बटाटा संपला का, एफी?"

एफी उठली आणि कोपऱ्यात गेली. फेकलेल्या गोट्या तिथंच होत्या, मळक्या, सुरकुतलेल्या, पण प्रत्येकीला बारीकसा जांभळा कोंब आलेला. "ओंजळभर आहेत," ती म्हणाली. "जगल्या तर जगल्या."

त्या वर्षी शेताच्या एका कडेला आखूडशी सरी लागली, बस. एफी रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथं जाऊन उभी राहायची. झाडं उगवली, वाढली. फुलांवर आली तेव्हा मोरॅगचा फोन आला, "मी येतेय. माणसाला अजून बंदी नाही ना? बटाटा माझ्याकडे येत नाही तर मी त्याच्याकडे येते. यंदा एकदा तरी बाबांचा बटाटा तोंडात पडायलाच हवा, मग मेले तरी चालेल."

"मरायची घाई करू नकोस, आधी गुडघे दाखवून घे."

बारा मैलांसाठी ती बाई फेरीनं समुद्र ओलांडून, बस बदलत, ग्लासगोला मुक्काम करून आली. गुडघे सुजले होते. दारात दोघी बहिणींनी एकमेकींना धरलं ते सोडेचनात. मग एफीनं मला उचललं, कुदळ घेतली आणि आम्ही तिघी सरीवर गेलो. चुलीवर पाणी उकळत ठेवलेलं होतं, टेबलावर लोणी काढून ठेवलं होतं.

एफीनं सरीतल्या सगळ्यांत मोठ्या झाडाशी कुदळ टेकवली. मोरॅग त्या थोड्याशा झाडांकडे बघत राहिली. इतकी कमी असतील असं तिला वाटलं नव्हतं. तिनं पुढं होऊन कुदळीचा दांडा धरला.

"हात लावशील तर बघ."

"अगं, एवढ्या लांबून आलीस. एक झाड काढते."

"एक काढशील, मग मी म्हणेन अजून एक. मला माहितेय ना माझी भूक. बेणं खायचं नसतं, एफी. आधीच मी ते जन्मभर खाल्लं."

"मग आलीस कशाला इतका त्रास काढून?"

मोरॅग दुखऱ्या गुडघ्यांवर सावकाश खाली बसली आणि झाडाच्या बुडाशी हलकेच हात घातला, मुळांना धक्का न लावता. मातीखाली तिची बोटं काहीतरी चाचपत होती. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि डोळ्यांतून पाणी.

"आहेत गं," ती म्हणाली. "अंड्याएवढे झालेत."

तिनं हात बाहेर काढला आणि माती पुन्हा सारखी करून वर थोपटली. एफीनं तिला उठवलं. "नखं साफ कर हो, नाहीतर बंदरावर तुलाच उतरवून ठेवतील," एफी म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. त्या दिवशी त्यांनी दुकानातले बटाटे उकडून खाल्ले. पुठ्ठ्यासारखे लागतात, असं दोघी शेवटच्या घासापर्यंत म्हणत होत्या. मी सरीच्या कडेला तशीच रिकामी पडून होते आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, घरं वेगळी होतात, देशही होतात. त्यात कोण बरोबर होतं ते मी लाकडाच्या अकलेनं सांगू शकत नाही. माझी विनंती साधी आहे. तुमच्या घरी कुणाच्या हातचं जपलेलं काही बेणं असेल, वालाचं म्हणा, लसणीचं म्हणा, तर ते आपल्याच कणगीत कोंडून ठेवू नका. वाट मोकळी आहे तोवर मूठभर दुसऱ्याच्या घरी देऊन ठेवा. ज्याला द्याल त्यालाही सांगा, सगळं खाऊ नकोस म्हणून. आणि माझ्यासारखी जुनी पेटी असेल तर तिच्यात कृपा करून कुंड्या ठेवू नका.

त्या शरदात एफीनं सरी काढली. बटाट्यांनी माझा तळ जेमतेम झाकला. तिनं ते मातीसकट ठेवले, एकही धुतला नाही. पुढच्या वर्षी सरी लांब झाली, त्याच्या पुढच्या वर्षी दोन झाल्या, आणि यंदा मी काठोकाठ भरले आहे. काल एफीनं पुन्हा फोन माझ्या कडेवर उभा केला.

"मोरॅग, यंदा उरतील. खाण्यापुरते उरतील."

मोरॅग म्हणाली, "लोणी बाहेर काढून ठेव. मी निघताना काही खाऊन येणार नाही."