निळ्या पट्ट्याचा बूट

महेंद्रनं आबांच्या नाकावर चष्मा बसवला, काड्या कानांमागं नीट सरकवल्या आणि दोन पावलं मागं जाऊन उभा राहिला. भिंगं इतकी जाड होती की त्यांच्यामागं म्हाताऱ्याचे डोळे दुप्पट मोठे दिसत होते.

"दिसतंय का काय, आबा?"

केरू आबांनी मान वर केली. त्यांची नजर भिंतीवरून निघाली, बुद्धाच्या तसबिरीपाशी थांबली, कॅलेंडरवर आली, तिथून सुनेच्या साडीच्या काठावर उतरली आणि दारात उभ्या असलेल्या नातीवर येऊन टेकली.

"पिंके, वरचा दात कुटं गेला गं तुजा?"

"तो तर कधीच पडला," पिंकी म्हणाली.

"मला कुणी सांगितलंच न्हाई," आबा म्हणाले, आणि तेवढ्यावरच त्यांना हसू फुटलं.

सहा-सात वर्षं त्यांना माणूस आवाजावरून आणि वाट पायांवरून ओळखायची सवय झाली होती. माण तालुक्यातल्या गावाहून महेंद्रनं त्यांना जवळजवळ उचलूनच सांगलीला आणलं होतं. मिरजेच्या दवाखान्यात दोन्ही मोतीबिंदू काढून झाले, दोन महिने लेकाच्या घरी आराम झाला, आणि काल रात्री उशिरा चष्मा हातात पडला. डॉक्टरांनी एकच ताकीद पुन्हा दिली होती. अजून महिनाभर खाली वाकायचं नाही.

मग आबांची नजर कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटावर गेली. रविवार होता, आणि रविवारी ते कपाट उघडं असायचं, आतले खोकेही.

चार कप्प्यांत सतरा जोड होते. शर्यतीत खेळाडू घालतात तसले, परदेशी. पांढरे, राखाडी, एक पिवळाधमक, एकाला तांबडी जीभ. प्रत्येकाला आपला खोका, खोक्यात जुन्या वर्तमानपत्राचा बोळा आणि एक डांबरगोळी. महेंद्र दर रविवारी एकेक जोड बाहेर काढून मऊ फडक्यानं पुसायचा, नाड्या सरळ करायचा आणि परत ठेवून द्यायचा. बारा वर्षांत त्यातला एकही त्याच्या पायात गेला नव्हता. टेलिफोनच्या ऑफिसात तो साध्या चपला घालून जायचा.

आबांना दोन महिने अंधूक खोके तेवढे दिसत होते. ऑफिसची कागदपत्रं असणार, अशी त्यांनी मनाशी गाठ बांधली होती. डोळे तपासायला दवाखान्यात गेल्यावर शेजारी बसलेल्या माणसाला त्यांनी सांगूनही टाकलं होतं की पोराच्या अंगावर सरकारचा लय भार हाय, घरीसुदिक दप्तर आणतोय. सून आम्रपालीनं ते ऐकलं आणि पदर तोंडाला लावून ती व्हरांड्यात गेली. घराला बाहेरून गिलावा व्हायचा होता, तो दर दिवाळीला पुढच्या दिवाळीवर जात होता. का, ते तिला ठाऊक होतं. "आमच्याकडं माणसं चटईवर निजतात आणि बूट कापसात," एवढंच ती कधीमधी म्हणायची. हसत म्हणायची, पण म्हणायची.

आता म्हातारा उठला आणि कपाटासमोर जाऊन उभा राहिला. महेंद्रनं पुसायचं फडकं पटकन खिशात कोंबलं. चाळिशीला टेकलेल्या माणसाला बापाची भीती वाटावी, याचंच त्याला नवल वाटलं.

"ह्ये समदं तुजं?"

"व्हय."

आबांनी हात पुढं केला, मागं घेतला, धोतराला पुसला आणि मग एका बुटाच्या टोकावर अलगद ठेवला. मुंबईच्या गोदीत उमेदीची वर्षं ओझी वाहिलेला तो हात होता. तो त्या बुटावर असा फिरला, की जणू झोपलेलं मूल जागं होऊ नये.

"काय रं रंग ह्ये," ते पुटपुटले. "काय रंग..."

महेंद्र शिव्यांची वाट पाहत होता. शिव्या आल्याच नाहीत. म्हातारा नुसता पाहत होता, एका कप्प्यावरून दुसऱ्या कप्प्यावर, तोंड थोडं उघडं ठेवून. आणि महेंद्रला सातारचं मैदान आठवलं. चौदा वर्षांचा होता तो. जिल्ह्याच्या शर्यतीत अनवाणी उभा होता, आणि शेजारच्या पट्ट्यात पाचगणीच्या शाळेतला एक मुलगा होता, पायांत पांढरे शुभ्र बूट. महेंद्रची नजर त्या बुटांवर अशी खिळली की शिट्टी झालेली त्याला ऐकूच आली नाही. सगळे पळाले आणि हा एकटा रेघेवर उभा. मास्तरांनी मारलं, पोरं वर्षभर हसली, पण ते बूट काही डोळ्यांपुढून हलले नाहीत. ऑफिसातल्या एकाचा मेव्हणा बोटीवर कामाला होता. पगार सुरू झाल्यावर महेंद्रनं त्याला गाठला आणि पहिला जोड मागवला. पांढरा, बाजूला निळा पट्टा. तेव्हापासून ती बोट मुंबईला लागली की महेंद्रचा जीव थाऱ्यावर नसे. येत्या महिन्यात ती पुन्हा लागणार होती.

आबांचं बोट त्याच निळ्या पट्ट्यावर येऊन थांबलं होतं.

"ह्यो घालतोस कवा?"

"घालत न्हाई, आबा. ठेवायचं असत्यात."

"ठेवायचं?" आबांनी वळून पाहिलं. भिंगांमागचे डोळे आणखी मोठे झाले. "आणि चालायचं कशात?"

महेंद्र बाहेर आलेली एक नाडी आत सरकवू लागला.

"उंद्या गावाला जातूय न्हवं आपण," आबा म्हणाले. "ह्यो मी घालू?"

आम्रपालीनं भाजी निवडता निवडता मान वर केली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही, पण तिचे हात थांबले होते. महेंद्र म्हणाला की नंबर बसणार नाही, टाच चावेल, आबांना सवय नाही. आबांनी मान हलवली आणि बुटावरून हात काढून घेतला. "र्‍हाऊ दे मग," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. मागून न मिळण्याची सवय असलेला माणूस बोलतो तसं ते बोलले, आणि ते महेंद्रला रात्रीच्या जेवणापर्यंत पुरलं.

सकाळी निघताना तो निळ्या पट्ट्याचा जोड घेऊन आबांच्या पायांशी उकिडवा बसला. त्यांना वाकायची बंदी होती, तेव्हा बूट त्यालाच चढवावे लागले. भेगाळलेली रुंद टाच आत जाताना त्यानं डोळे मिटून घेतले. बोटीवरचा माणूस नंबर विचारून आणत नसे. बूट आबांना बेताचा झाला, म्हणजे अगदी बरोबर. महेंद्रनं नाड्यांच्या गाठी मारल्या. आम्रपाली दारात उभी होती. डबा देताना तिची बोटं त्याच्या हातावर जरा जास्त वेळ राहिली.

एसटीच्या फाट्यावर उतरले तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. गाव मैलभर आत. आबा पुढं, महेंद्र पिशवी घेऊन मागं. काठी होती, पण आबा ती टेकवत नव्हते. बाभळ दिसली की बाभळ म्हणायचे, मेंढरं दिसली की मोजायला लागायचे. करडा डोंगर दिसला तेव्हा उभेच राहिले. "ह्यो हितंच व्हता व्हय रं सारा वेळ," असं म्हणून पुन्हा चालू लागले.

वेशीपाशी महेंद्रला रस्त्यावर काहीतरी पिवळट पांढरं पडलेलं दिसलं. त्यानं उचललं. बोटांत घेतल्याबरोबर शिळ्या भाकरीसारखा त्याचा चुरा झाला. दहा पावलांवर आणखी एक तुकडा होता. मग त्यानं आबांच्या टाचेकडं पाहिलं. तळ आणि बूट यांच्या मधला थर दर पावलाला फुटत होता, गळत होता. बारा वर्षं कापसात ठेवलेला बूट आतल्या आत मरून गेला होता. चालायला लागल्यावर ते कळलं, इतकंच.

त्यानं तो तुकडा खिशात टाकला. मग पुढचा. वाकायचा, उचलायचा, खिशात टाकायचा. आत्ता काढला तर चिकटवता येईल, सांगलीत कुणीतरी करून देईल, हे त्याच्या डोक्यात घुमू लागलं.

आणि चावडी आली.

आबांच्या लहानपणी त्यांच्या वस्तीतल्या माणसानं चावडीपुढून जाताना वहाणा हातात घ्यायच्या, असा गावचा रिवाज होता. रिवाज जाऊन जमाना झाला. कायदा आला, छप्पन साल आलं, धम्म आला. चावडीच्या कट्ट्यावर बसणाऱ्या हंबीररावांच्या नातवाच्या लग्नात आबा पहिल्या पंगतीला जेवले होते. कुणी काही म्हणत नव्हतं. पण हे सगळं आबांच्या पायांना कुणी सांगितलं नव्हतं. चावडी आली की वहाणा पायांतून निघून हातात यायच्या, आणि पिंपळ ओलांडला की परत पायांत जायच्या. कॉलेजात असताना महेंद्र यावरून तणतणला होता. "माजं पाय भाजत न्हाईत," आबा म्हणाले होते. डोळे गेल्यावरही पायांनी ती जागा बरोबर ओळखली होती.

आत्ताही आबा थांबले. एक पाय दुसऱ्याच्या टाचेला लागला, पण बूट वहाणेसारखा निघेना. वाकायची बंदी.

"म्हेंदर, जरा सोड रं ह्ये."

महेंद्र खाली बसला. त्याच्या नाकासमोर निळा पट्टा होता, त्याखाली दोन बोटं जातील एवढी फट. नाडीचं टोक त्याच्या चिमटीत आलं. ओढलं की सुटणार होतं, बूटही वाचणार होता. त्यानं वर पाहिलं. आबांनी हात पुढं केला होता, तळवा वर करून, बूट घ्यायला. तो हात तिथं तसाच उघडा राहिला होता, आणि म्हाताऱ्याचं लक्षही नव्हतं त्याच्याकडं.

महेंद्रनं नाडी सोडली नाही. त्यानं तिच्यावर आणखी एक गाठ मारली. मग दुसऱ्या पायावरही मारली.

"गाठ बसलीया, आबा. सुटत न्हाई."

आबांनी मान किंचित खाली केली. त्या भिंगांतून त्यांना बाभळीचा काटा न् काटा दिसत होता. लेकाची बोटं काय करत होती, ते दिसलं नसेल असं म्हणवत नाही.  मग पुढं केलेला हात त्यांनी हळूहळू मिटला आणि तो महेंद्रच्या डोक्यावर ठेवून सरळ उभे राहिले.

"बरं," ते म्हणाले. "मग चल."

ते चालू लागले. चावडीपुढची ती तीस-चाळीस पावलं. महेंद्र मागं राहिला. सातारच्या मैदानावर राहिला होता तसाच तो पुन्हा रेघेवर उभा होता, आणि पुढं त्याचा बाप बूट घालून चालला होता. बूट सारा फुटत होता आणि बाप ताठ होता. असं काही महेंद्रनं जन्मात पाहिलं नव्हतं.

कट्ट्यावरून हंबीरराव म्हणाले, "केरबा, डोळं परत आलं वाटतं?"

"आलं की."

"आरं, मागं काय सांडतंय बघ तुजं."

आबा वळले. वेशीपासून चावडीपर्यंत वाट स्वच्छ होती, महेंद्रनं वेचली होती. चावडीपासून पुढं मात्र धुळीत पांढऱ्या तुकड्यांची रांग लागली होती, एका पावलाला एक. महेंद्र भानावर आला आणि वेचायला वाकला.

"उचलू नगंस," आबा म्हणाले.

"आबा, आवं लोक..."

"र्‍हाऊ दे, म्हेंदर. दिसू दे." मग ते हंबीररावांकडं वळले. "बूट हाय माजा. परदेशी."

हंबीररावांनी मान पुढं काढून ती रांग पाहिली. "झ्याक हाय," ते म्हणाले, आणि तंबाखूची पिशवी उघडू लागले.

घराच्या पायरीवर आबांची बायको पारूबाई वाट पाहत होती. तिला पाहून आबा पुन्हा थबकले. "किती पिकलीस गं," ते म्हणाले. ती म्हणाली, "आणि तुमी काय कवळं हायसा?" आणि डोळे पुसत पाणी आणायला आत गेली.

सांगलीला परतल्यावर महेंद्रनं कपाट उघडलं. फडकं घेतलं नाही. एकेका बुटाच्या तळाला त्यानं अंगठ्यानं दाबून पाहिलं. सात जोड हातातच भुगा झाले. आम्रपाली केरसुणी घेऊन आली आणि न विचारता जवळ बसली. उरलेल्यांतला एक तिच्या पायाला झाला, एक मोजे कोंबून पिंकीला. उरलेला एक पांढरा त्यानं स्वतः घातला आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला. बाकीचे दाराबाहेर पायपुसण्याजवळ ठेवले, ज्याला लागेल त्यानं न्यावेत म्हणून.

"आणि तो बोटीवरचा?" आम्रपालीनं विचारलं.

"आणू नको म्हणून कळवलं."

ती पुन्हा झाडू लागली.

महिन्याभरानं गावाहून आंतर्देशीय पत्र आलं. अक्षर शेजारच्या मास्तरांचं, बोलणं आबांचं. पाऊस अजून नाही. पारूबाईचा गुडघा धरतो. बुटाचा तळ पार गेला होता, पण वरचा भाग चांगला आहे, म्हणून दहिवडीच्या बाजारात टायरचा तळ मारून घेतला. आता लय वर्षं जाईल. नाडी बांधायला वाकावं लागतं, पण डॉक्टरांचा महिना सरला आहे. शेवटी जागा उरली नव्हती, म्हणून मास्तरांनी कडेच्या पट्टीत आडवं लिहिलं होतं:

रोज सकाळ-संध्याकाळ चावडीवरून जाऊन येतो. काम काही नसतं.