दहापर्यंतचा नियम

लाल रबर. वेणीचं, साधं, रिसोडच्या बाजारातलं — आणि ते सन्मतीच्या दोन बोटांत ताणलंच जात नव्हतं. बाकीची सन्मती पाचलाच उठली होती. बोटं तेवढी अजून लाकडासारखी पडलेली.

"आई, लवकर कर ना, गाडी येऊन राह्यली!" रिंकू पाठमोरी बसलेली, केस मोकळे.

"आज नको. तूच बांध कसे तरी."

"रोजच आज नको! तुले माह्या केसांचा कायले एवढा राग आहे?"

राग... काय सांगायचं नऊ वर्षांच्या पोरीला? परवा वाशिमचे डॉक्टर म्हणाले, शरीराची राखण करणारंच शरीरावर उलटलंय, म्हणून सांधे आखडतात. याचा कल रक्तातून येतो, पण आला म्हणून दुखणं होईलच असं नाही, एका बहिणीला होतं, सख्ख्या दुसरीला होत नाही. ते 'होईलच असं नाही' तिने एसटीत सारखं घोळवलं होतं, रिंकूसाठी. घरात आधी कोणाला होतं का, असंही त्यांनी विचारलं होतं. आणि सन्मती ठसक्यात म्हणाली होती, छे, कोणालाच नाही.

कोणालाच नाही? — रबराकडे पाहता पाहता तिला आई दिसली, सूरजबाई, ओसरीवर पाटावर बसलेली, मांडीत जपमाळ. "दहापर्यंत मले काही सांगू नको, माहा नियम आहे." नियम म्हटल्यावर जैनाच्या घरात कोण उलट विचारणार! वर गावभर कौतुक. शाळेची वेणी शेजारची भागिरथा घालायची, डोकं ठणकेपर्यंत घट्ट, आणि सन्मती मनात म्हणायची, हिला देव प्यारा, मी नाही. तीस वर्षं म्हणत आली. आई गेली तेव्हा रडूसुद्धा अर्धंच आलं.

पण ती माळ... ती माळ हलत नव्हती! एक मणी पुढे सरकत नव्हता, हे तिने रोज पाहिलं होतं, रोज — आणि रविवारी ऊन मांडीवर आलं की आई बोटं उघडून-मिटून पाहायची, नि मग हाक मारायची, "ये वं सने, आण केस इकडं." सन्मती मुद्दाम जायची नाही.

रिंकूने रबर हिसकून घेतलं, केस कसेबसे बांधले, दप्तर उचललं. दारातून तिने एकदाच मागे पाहिलं. ती नजर सन्मतीला चांगली ठाऊक होती, तिने स्वतःच ती किती वर्षं आईवर रोखली होती.

घरात कोणी नव्हतं, नवरा पवन दुकानावर गेलेला. तिला आईची आठवण आली, पहिल्यांदाच रागावाचून. आणि मेलं किती एकटं वाटावं! इतकी वर्षं निदान तो राग तरी सोबतीला होता.

दहाला ऊन ओट्यावर आलं. बोटं एकेक करून सुटली. आता वेणी घालता आली असती. संध्याकाळी पोरगी पुन्हा विचारेल, कायले? खरं सांगावं तर तिच्या रक्तात काय असू शकतं तेही सांगावं लागेल — आणि न सांगावं तर...

'माहा नियम आहे.' वाक्य आईच्याच आवाजात तोंडात तयार होऊन बसलं होतं. सन्मतीने ते गिळलं. ते पुन्हा वर आलं.