अंबूचं जावळ

मस्कतहून विमान सकाळी हैदराबादला उतरलं आणि खटकचिंचोळीच्या घरी पोचायला आम्हाला दुपारचे तीन वाजले. मधला सगळा वेळ भाड्याच्या जीपमध्ये गेला, त्यातला एक तास जहीराबादच्या पुढे पंक्चर काढण्यात. अंबू दोनदा ओकली. घरात शिरताना मला एवढंच हवं होतं, की कुणीतरी हिला घ्यावं आणि मला तासभर आडवं होऊ द्यावं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, अंबूला कडेवर घेतलं आणि आधी तिची टोपी काढली.

"आगं बया! एवढुशेच केस? श्रीशैल्या, तू तर फोनवर खांद्याला टेकले म्हणायलास की रं."

"ओले केले की टेकत्यात," माझा नवरा म्हणाला. "तिकडचं पाणी खारं हाय, आई. वाढतच न्हाईत."

मी सँडल काढण्याच्या निमित्ताने खाली वाकले आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिले.

अंबू सातव्या महिन्यात जन्मली तेव्हा तिचं वजन एक हजार तीनशे चाळीस ग्रॅम होतं. एकवीस दिवस ती काचेच्या पेटीत होती. त्या दिवसांत इकडे आत्याबाईंनी मैलारच्या मल्लण्णाला, म्हणजे खंडोबाला, नवस बोलला. पोर जगू दे, तिचं जावळ तुझ्या पायरीवर काढीन, तोवर पायात काही घालणार नाही. त्याला आता अडीच वर्षं झाली होती. आम्हाला दोघांना एकदम सुट्टी या मे महिन्यात, म्हणजे २००६ साली मिळाली. येत्या रविवारी जावळ ठरलं होतं. मामाच्या मांडीवर बसवून पहिले केस काढायचे म्हणून बसवकल्याणहून माझा भाऊ सिद्धराम येणार होता. साठ माणसांना आवतण गेलं होतं. सासरे पिराप्पा यांनी आपल्या शेळ्या-मेंढरांतला एक बोकड वेगळा बांधून ठेवला होता.

आणि अंबूचे पहिले केस फेब्रुवारीतच गेले होते.

तिच्या डोक्यात फोड झाले होते. मी तिथल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. फोडातल्या पुवाचा नमुना मी स्वतःच तपासला. औषध लागू पडायचं तर केस काढा, असं डॉक्टर म्हणाले आणि पाच मिनिटांत नर्सने काढले. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आत्याबाईंचा नेहमीसारखा फोन आला. "केस किती वाढले?" नवरा म्हणाला, "मानेपर्यंत." पुढच्या शुक्रवारी ते आणखी वाढले. मी शेजारी भाजी निवडत बसलेली असायची आणि काही बोलायची नाही, त्यामुळे खोटं काही एकट्या त्याचं नव्हतं.

पहिले तीन दिवस घरातून माणूस हटलं नाही. जो येई तो अंबूच्या डोक्यावरून हात फिरवी आणि मला विचारी, तिकडं भाकर मिळती का, पाऊस पडतो का, वाळलीस कामून. चहाची कपबशी धुवायलाही कुणी देत नव्हतं आणि बसायलाही. दुपारी वीज जायची. अंबू अंगावर घामोळं घेऊन रडायची, नवरा छपरात उताणा पडून नुसता वर बघायचा. तिकडे रोज ज्या घराची आठवण काढली त्या घरात मला सारखं वाटत होतं, की कुठेतरी जाऊन झोपावं.

चौथ्या दिवशी दुपारी आत्याबाई शेतातून आल्या. उन्हात डांबरी सडक ओलांडूनच घरी यावं लागतं. त्या उंबऱ्यावर टेकल्या तेव्हा त्यांची टाच मी पहिल्यांदा जवळून पाहिली. भेगेत बोटाचं पेर मावलं असतं. कडेला लाली होती आणि आत पू.

मी गरम पाणी, कापूस आणि सोबत आणलेलं मलम घेऊन बसले.

"ऱ्हाऊ दे की गं. आता रविवारपर्यंतच हाय," त्या म्हणाल्या. "भालकीच्या बाजारातून चप्पल आणून ठिवलीया. मागं पट्टा हाय तसली. सोमवारी ती घालून नागव्वाकडं जाते आन् म्हणते, बग, कशी चालायले मी."

नागव्वा माझी नणंद, गावातच वेशीजवळ दिलेली.

दुसऱ्या दिवशी नवरा एकटा सापडला तेव्हा मी म्हणाले, "त्यांना सांगायला पाहिजे."

"कशापायी? केस ते केसच. डोकं बी तेच हाय."

"त्या अडीच वर्षं अनवाणी चालल्यात, ते त्या पहिल्या केसांसाठी."

"म्हणूनच म्हणायलो, सुटू दे बिचारीला. रविवारी चप्पल घालंल, टाच बरी हुईल. तुला काय पायजे मग? तुझं मन मोकळं व्हायला पायजे व्हय?"

तो म्हणत होता त्यात खोट नव्हती. टाच बरी होणं हीच खरी गोष्ट होती, आणि ती खोट्याने झाली असती.

शनिवारी सकाळी मी पुन्हा मलम लावायला बसले. आत्याबाई उद्याचा हिशेब बोलून दाखवत होत्या. कात्री सिद्धरामच्या हातात आधी द्यायची, केस नागव्वाने पदरात झेलायचे. मी टाच पुसत होते. ठरवलं असं काही नव्हतं. एवढंच कळलं, की उद्या नागव्वाच्या पदराकडे मला बघता येणार नाही.

"आत्याबाई, हे पहिले केस न्हाईत."

त्यांनी पाय मागे घेतला नाही.

मी सगळं सांगितलं. फोड, डॉक्टर, फेब्रुवारी, फोनवरचं मोजमाप.

"कुणी काडले?"

"नर्सनं. दवाखान्यात."

"आन् केस?"

"दवाखान्यातला असला कचरा पिवळ्या पिशवीत घालतात. मग जाळतात."

"जाळले," त्या म्हणाल्या. बाहेर अंबू आजोबांच्या काठीवर घोडा घोडा करत होती. "लई फोड होते का?"

"सतरा. ताप बी होता."

"मग काडायलाच पायजे होते." त्यांनी पाय खाली घेतला. "त्याच रोजी सांगिटली असतीस तर मी काय म्हणले असते गं? न्हाई म्हणले असते का?"

"न्हाई."

"शुक्करवारच्या शुक्करवारी मी आख्ख्या गल्लीला सांगायची. आज इथवर आले, आज तिथवर आले."

त्या उठल्या, छपराशी गेल्या आणि सासऱ्यांना म्हणाल्या, "उंद्याचं न्हाई. पोरीचे केस तिकडं आजारात काडलेत. हे चार बोटं देवाला कसे देऊ? आता नवसाचे म्हणून वाढू द्या, पुढल्या येण्याला बगू."

"पुढलं येणं म्हंजे?" पिराप्पांनी माझ्याकडे बघितलं.

"दोन वर्षांनी, मामा. त्याआधी सुट्टी न्हाई."

"दोन वर्सं? आगं, त्या बोकडाचं मटान तवर चाबकावानी चिवट हुईल. चाबूक शिजवून घालू का पावन्यास्नी?"

कुणी हसलं नाही, तेव्हा ते स्वतःच थोडंसं हसले आणि माणसांना निरोप द्यायला बाहेर पडले. घरोघर जाऊन त्यांना तेच वाक्य साठ वेळा सांगावं लागणार होतं. गल्लीत मात्र आत्याबाई स्वतः फिरल्या आणि कुणापुढे काही झाकलं नाही. नवऱ्याने सिद्धरामला फोन केला आणि मग माझ्याशी बोलणं बंद केलं. संध्याकाळी एकदाच म्हणाला, "दोन वर्सं चालायला लावलीस तिला."

"माहीत हाय," मी म्हणाले.

नागव्वाने आईची समजूत घातली, देव काय माणसासारखा अडून बसतो का, घाल चप्पल. आत्याबाई म्हणाल्या, "देवाचं मला ठावं न्हाई. मी बोलले हाय." मीही दोनदा म्हणून पाहिलं, टाचेचा जंतू हाडापर्यंत जातो म्हणून. तेव्हा त्यांनी माझ्याजवळच्या मलमांच्या तीन ट्यूबा मागून घेतल्या आणि कोणती कधी लावायची ते तोंडपाठ केलं.

उरलेले बारा दिवस जेवणांत आणि झोपेत गेले. निघायच्या दिवशी जीप साडेअकराला आली. नवरा बॅगा टपावर बांधत होता. आत्याबाई अंबूला घेऊन रस्त्यापर्यंत आल्या आणि तिला माझ्याकडे देताना म्हणाल्या, "कातर लावू नको."

मी हो म्हणणार होते. सगळे तेच म्हणतात निघताना.

"फोड आले तर लावावी लागंल, आत्याबाई," मी म्हणाले. "पण त्याच रोजी फोन करीन. मी करीन, ह्यांना करू देणार न्हाई."

"शुक्करवारची वाट बगू नको."

"न्हाई."

त्यांनी अंबूच्या केसांतून एकदा हात फिरवला. श्रीशैलने वरून हाक मारली, चला, उशीर व्हायलाय.

"जावा आता," आत्याबाई म्हणाल्या. "पाय भाजायलेत माझे."