शकूची वीत

“भाऊराव, आज कापताय ना? नाहीतर उद्या मशीनवाल्याला बोलावते हां. पार वाट लागलीय कुंपणाच्या मेंदीची!” स्कूटर बाहेर काढता काढता सोसायटीच्या सेक्रेटरी नीलम मॅडम म्हणाल्या.

“आज कापतोच, मॅडम,” भाऊराव म्हणाला. हे तो तीन सोमवार म्हणत होता.

मुलुंडच्या या सोसायटीत तो अकरा वर्षं माळी. नवी मेंदी कोवळेपणीच छाटावी लागते, नाहीतर ती नुसती वर चढते आणि बुडाशी उघडी पडते, हे त्यानंच मॅडमना पढवलं होतं. आणि आता त्याच्याच मेंदीच्या बुडातून मांजरं खुशाल ये-जा करत होती.

कात्रीला दोन्ही हात लागतात. माप धरायची ती त्याची बायको, शकू. यंदा पावसाच्या सुरुवातीला दोघांनी ही रोपं लावली, श्रावणात पहिली छाटणी केली. शकू करंगळी मातीत टेकवून अंगठा वर ताणायची. तो कात्री अंगठ्यापाशी आणून म्हणायचा, “हात काढ गं.” तिनं हात काढला की कापायचा.

“माप माझ्याच वितीचं हां,” ती दटावायची. “तुमच्या वितीनं कापलं तर मेंदी तुमच्यासारखीच काटकुळी व्हायची.”

दुसरी छाटणी पहिल्या कापाच्या वर एक वीत. पण त्याआधीच, दसऱ्याच्या सुमारास, कावीळ शकूला घेऊन गेली.

भाऊरावानं स्वतःची वीत लावून पाहिली. ती शकूच्या वितीहून मोठी, पण नेमकी किती, ते सांगता येईना. त्यानं हात खाली घेतला. उद्या मशीन सरसकट फिरणार आणि शकूचं माप कायमचं जाणार, या विचारानं त्याला रडूच कोसळलं. डोळे पुसायला तो मेंदीच्या आडोशाला खाली बसला.

बसल्यावर ते दिसलं. पानांच्या आत प्रत्येक रोपाला एकाच उंचीवर वाळलेला काप होता आणि त्याच्या खालून दोन-दोन फांद्या फुटल्या होत्या. मातीपासून त्या कापापर्यंत शकूची वीत जशीच्या तशी होती.

त्यानं एक वाळकी काडी मातीत टेकवली आणि कापाच्या उंचीवर मोडली. मग ती जुन्या कापावर उभी धरून फांद्यांत खोचली आणि कात्री तिच्या टोकापाशी नेली.

“हात काढ गं,” तो सवयीनं म्हणाला.

तो नेहमीइतका थांबला. मग त्यानं कापलं.