चष्मा कोणाच्या आठवड्यात?

माझ्या लेकीला आम्ही दोघंही मुंगी म्हणतो. मी आणि तिचा बाबा, आमचं एकमत असलेली एवढी एकच गोष्ट आता उरली आहे. अंगापेक्षा मोठी बॅग पाठीला लावून ती दर रविवारी एका घरातून दुसऱ्या घरात जाते, तेव्हा मागून बघितलं तर नुसती बॅगच चाललेली दिसते. एक आठवडा माझ्याकडे, एक बाबाकडे. कोर्टाने तसं ठरवून दिलंय. वेळ समान, म्हणून त्याने मला द्यायची रक्कम अगदी नाममात्र. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत पगारावर, आणि मी कोपऱ्यावरच्या कपाटाएवढ्या दुकानात किल्ल्या बनवते. पण कागदावर आम्ही बरोबरीचे. ज्याच्या आठवड्यात जे लागेल ते त्याने आणायचं. विशेष खर्च अर्धा-अर्धा, तोही दुसऱ्याची आधी लेखी संमती असेल तरच.

हा नियम ज्याने लिहिला त्याला मूलबाळ नसणार, एवढं मी पैजेवर सांगते.

शाळेच्या बाईंनी बोलावून सांगितलं, "पहिल्या बाकावर बसते, तरी डोळे बारीक करून बघते. तपासून घ्या." त्यांनी हे सांगितलं ते नेमकं माझ्या आठवड्यात. दुसऱ्या दिवशी मी तिला दुकानाशेजारच्या चष्मेवाल्याकडे नेलं. आधी भाव विचारला. न फुटणाऱ्या काचा, लहान मुलांची फ्रेम, सगळं मिळून त्याने जो आकडा सांगितला त्यात माझी पंधरा दिवसांची कमाई गेली असती. तपासणी फुकट, पण चष्मा त्याच्याकडेच करायचा. मी तिथूनच तिच्या बाबाला फोन लावला.

"मुंगीला चष्मा लागणार आहे. अर्धे दे."

"नंबर किती निघाला?"

"अजून तपासलं नाही. तपासलं की करावाच लागेल. तू आधी लिहून पाठव."

"नंबर माहीत नाही आणि मी लिहून देऊ? आणि दुकानात बसवून दिवसभर मोबाईल कोण देतं तिच्या हातात?"

"तुझ्याकडे काय ती डोळे मिटून बसते?"

मग जे व्हायचं ते झालं. मी दारात उभी राहून भांडत होते, येणारे-जाणारे बघत होते, आणि मुंगी आत भिंतीवरच्या अक्षरांच्या पाटीला नाक लावून उभी होती. मी फोन कट केला. तपासणी न करताच तिला घरी आणलं.

पुढच्या आठवड्यात तो तिला घेऊन त्याच चष्मेवाल्याकडे गेला. कशाला? तर मी सांगितलेला भाव खरा आहे का ते बघायला! तिथून त्याने मला फोन केला आणि आम्ही पुन्हा तेवढंच भांडलो. "तुमचं अर्धा तास चाललं होतं, पोर पाटीपाशी उभी," असं चष्मेवाला मला नंतर म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही तुमचं काम बघा.

मग मी कोर्टाच्या, खर्चाची प्रकरणं बघणाऱ्या ऑफिसात फोन केला. कितीतरी वेळ ती टुंगटुंग धून ऐकली, तेव्हा कुठे एक बाई आल्या.

"चष्मा आजारपणात धरायचा की शालेय साहित्यात?" त्यांनी विचारलं.

"नाकावर धरतात हो," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. "आजारपण असेल तर विशेष खर्च. साहित्य असेल तर ज्याच्या आठवड्यात घेतलं त्याचा. तुम्ही दोघं ठरवा आणि दोघांच्या सह्यांनी पाठवा."

दोघं ठरवू शकलो असतो तर दोन घरं कशाला केली असती? पण हे त्यांना सांगून काय उपयोग. उसने घेऊन मी चष्मा करूही शकले असते. दाताच्या वेळी तेच केलं, थंडीच्या कोटाच्या वेळी तेच केलं, आणि तो कोट त्याच्याकडे गेला तो परत आलाच नाही. या वेळी मी माघार घेणार नव्हते. खरं सांगते, मला त्याला हो म्हणायला लावायचं होतं.

मुंगी मात्र शहाण्यासारखी वागत होती. वेणी घालताना एरवी शंभर तक्रारी करणारी पोरगी मान ताठ धरून काहीतरी पुटपुटत बसायची.

"काय गं म्हणतेस?"

"काही नाही. पाठांतर."

मला बरं वाटलं. निदान अभ्यासात तरी लक्ष आहे.

मग एका संध्याकाळी दुकानासमोर रस्ता ओलांडताना एक सायकल तिच्या अंगावर आली. सायकलवाला ओरडला, मी ओरडले, तिला मात्र सायकल हँडल लागेपर्यंत दिसलीच नाही. कोपर सोलवटलं, बाकी वाचली. तिला दुकानात बसवून मी फोन केला आणि एकच वाक्य बोलले, "उद्या चष्मेवाल्याकडे ये, नाहीतर मी तुझ्या कंपनीच्या दारात येऊन बसते."

तो आला. कामावरच्या कपड्यांत, बोटांना ग्रीस, खिशात घडी घातलेला कागद. संमती लिहून आणली होती, पण वर अट: नंबर निघाला तरच.

मुंगी उंच स्टुलावर बसली. चष्मेवाल्याने तिचा डावा डोळा झाकला. "वाच बघू समोरचं."

"ग, प, न," तिने सुरू केलं. "व, ट, र, ह. च, ल, स, ब, म." कुठे अडखळणं नाही, डोळे बारीक करणं नाही. शेवटची मुंगीएवढी ओळसुद्धा तिने धडाधड म्हणून टाकली.

"वा!" चष्मेवाला म्हणाला. "हिला कशाला हवाय चष्मा?"

बाबाने माझ्याकडे बघितलं. खिशातून अर्धा काढलेला कागद त्याने परत आत सारला.

"उगाच माझ्या मागे लागली होतीस."

"शाळेने सांगितलं होतं," मी म्हटलं. पैसे वाचले म्हणून जीव भांड्यात पडला होता, आणि तो खरा ठरला म्हणून अंगाचा तिळपापड होत होता.

चष्मेवाल्याने मुंगीचा उजवा डोळा झाकला आणि पाटी उलटी फिरवली. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी तो नेहमीच तसं करतो, पाटीच्या मागे आकडे आहेत. "हं, आता याने वाच."

"ग, प, न," मुंगी त्याच चालीत म्हणाली. "व, ट, र, ह."

मी पाटीकडे बघितलं. चार, सात, दोन. बाबाही बघत होता. मुंगी म्हणतच होती, च, ल, स, ब, म.

शेवटी चष्मेवाल्यानेच तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळा, समोर काय दिसतंय? खरं सांग."

"पांढरं," ती म्हणाली. मग आधी माझ्याकडे, मग बाबाकडे वळली. "पण मी सगळं बरोबर म्हटलं ना? आता नाही ना लागणार चष्मा?"

मला रडू आलं, आणि ते तिला दिसू नये म्हणून मी पाठ फिरवली. तिला तसंही दिसलं नसतं.

चष्मेवाल्याने काचा बदलून बदलून नंबर काढला. बराच निघाला. मग वही उघडून विचारलं, "बिल कोणाच्या नावावर करू?"

"माझ्या," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"राहू दे, मी देतोय," तिचा बाबा म्हणाला.

"आत्ता? इतके दिवस कुठे होतास?"

"देतो म्हणतोय ना! मग आता काय अडचण आहे तुझी?"

"तुझे उपकार नकोत मला."

"उपकार कसले? माझी कोणी नाही का ती?"

आवाज चढत गेले. चष्मेवाला पेन हातात धरून बसून राहिला. मागे स्टुलावर मुंगीने स्वतःच आपला एक डोळा तळव्याने झाकला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. ग, प, न. व, ट, र, ह. ती शेवटच्या ओळीपर्यंत पोचली, तेव्हा कुठे आम्ही गप्प झालो.