दरबारी नकार

पक्षाघाताच्या झटक्यानंतर लॉर्ड ग्लेनॉरींकडे मोजकीच वाक्यं उरली होती, आणि ती सगळीच्या सगळी गोड होती.

"आपण आलात, फार बरं वाटलं." "फार लांबून आलात का?" "वा, किती सुंदर." ही वाक्यं त्यांच्या तोंडून इतक्या सफाईने यायची की पहिल्या भेटीत अश्लेषाला वाटलं, आपण चुकीच्या घरी आलो. मग तिने टेबलावरचा चमचा उचलून विचारलं, "हे काय आहे?" लॉर्डसाहेबांनी चमच्याकडे पाहिलं. ओठ हलले, कपाळावर शीर उभी राहिली. बऱ्याच वेळाने हार मानून ते म्हणाले, "वा, किती सुंदर."

अश्लेषा मूळची नागपूरची. गॉलवेला शिकायला आली आणि शिक्षण संपल्यावर तिथेच स्पीच थेरपिस्ट म्हणून लागली. आजारपणात वाचा गेलेल्या लोकांच्या घरी जायचं आणि त्यांना पुन्हा बोलतं करायचं, निदान हवं-नको सांगता येईल इतपत तरी, हे तिचं काम. कॉरिब सरोवराच्या काठाकाठाने गाडी हाकत ती आठवड्यातून दोनदा या जुन्या दगडी घरी येऊ लागली.

घरात लॉर्डसाहेबांखेरीज दोघंच होती. एक म्हातारा कुत्रा आणि ब्रीज. ब्रीज म्हणजे तिथली कामवाली, स्वयंपाकीण आणि कारभारीण, सगळं एकच. लॉर्डसाहेबांची हकिकत अश्लेषाला तिच्याकडूनच तुकड्यातुकड्याने कळली.

ते जन्माने स्कॉटलंडचे उमराव. तरुणपणी ब्रिटिश सैन्यात गेले, बोर्निओच्या जंगलात आणि एडनच्या उन्हात लढले. उत्तर आयर्लंड ब्रिटिशांविरुद्ध धुमसत होतं तेव्हा तिथेही दोन वर्षं होते, पण त्याबद्दल या घरात कोणी बोलत नसे. लग्न मात्र केलं ते गॉलवेच्या मुलीशी, न्यूआलाशी. बहिणीने ब्रिटिश सैनिकाशी लग्न केलं म्हणून न्यूआलाच्या सख्ख्या भावाने या घराचा उंबरा कधी ओलांडला नाही. पुढे सैन्य सुटलं आणि ते राजघराण्यातल्या एका वयस्क राजकन्येच्या दिमतीला लागले. वीस वर्षांहून जास्त काळ तिच्या मागे एक पाऊल अंतर ठेवून चालले. बायको इथे माहेरच्या गावी राहिली, नवरा राजवाड्यात. बायको गेल्यावर ते नोकरी सोडून इथे येऊन राहिले, ते आजतागायत.

"म्हणजे बायको असताना आले नाहीत," अश्लेषाच्या तोंडून निघून गेलं.

"आता ती नसताना राहतात," ब्रीज म्हणाली आणि भांडी विसळू लागली.

त्यांना एकच मुलगी, मॉराग. ती स्कॉटलंडात पर्थजवळ राहायची, शाळेत शिकवायची, आणि झटका आल्यापासून दर पंधरवड्याला विमानाने येऊन जायची. पन्नाशीची, सरळ पाठीची, कमी बोलणारी बाई. ऑक्टोबरच्या शेवटी ती आली तेव्हा तिने अश्लेषाला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "मी बाबांना तिकडे नेणार आहे. माझ्या घरापासून जवळच एक चांगलं शुश्रूषागृह आहे. इथले जिने त्यांना झेपत नाहीत, ब्रीजचेही गुडघे गेलेत. मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, 'वा, किती सुंदर.'"

अश्लेषाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणणार," मॉराग म्हणाली. "त्यांचे डॉक्टरही तेच म्हणाले. हा होकार खरा आहे की नुसता शब्द आहे, हे तुम्ही तपासा म्हणून. तपासा. पण एक सांगते. झटक्याच्या आधीही ते असेच होते. आजार कुठे सुरू होतो आणि बाबा कुठे संपतात, हे मला अजून कळलेलं नाही."

अश्लेषाने नेहमीचा उपाय करून पाहिला. टेबलावर एक चटई अंथरायची. एका टोकाला हसरा चेहरा, दुसऱ्या टोकाला रुसलेला. माणसाला एकेक चित्र द्यायचं. आवडतं ते हसऱ्याकडे ठेवायचं, नावडतं ते रुसलेल्याकडे. शब्दांची गरज नाही. लॉर्डसाहेबांनी कुत्र्याचं चित्र हसऱ्याकडे ठेवलं. सरोवराचं हसऱ्याकडे. इंजेक्शनचंही हसऱ्याकडे, आणि बीटाचंही.

"बीट?" ब्रीज दारातून म्हणाली. "चाळीस वर्षं बघतेय, त्यांना बीट डोळ्यांसमोर नको असतं. पण पानात पडलं की 'उत्तम झालंय' म्हणतात, आणि माझी पाठ वळली की कुत्र्याला घालतात."

"सर, माझ्याशी असं सौजन्य नको," अश्लेषा म्हणाली. "मला खरं सांगा."

त्यांनी तिच्याकडे निळ्या, पाणावलेल्या डोळ्यांनी पाहिलं. "फार लांबून आलात का?"

त्या दिवशी निघताना ब्रीजने तिला चहा विचारला. "नको, नको, उशीर होतोय," अश्लेषा म्हणाली. ब्रीजने न ऐकताच कपाटातून कप काढला आणि अश्लेषा मुकाट खुर्चीत बसली. मग तिचं तिलाच हसू आलं. नागपूरला तिची आई पाहुण्याचं पहिलं 'नको' कधी हिशेबात धरत नसे, दुसरंही नाही. इथे ब्रीजचंही तेच. दोन्हीकडे 'नको' म्हणजे नुसती सुरुवात. या घरात मात्र एक माणूस असा, की त्याच्याकडे 'नको' हा शब्दच नाही. इतकं आयुष्य काढलं, सैन्यात हुकूम झेलले, दिले, राजवाड्यात वावरला. नाही न म्हणता हे सगळं कसं निभावलं असेल?

घरी पोचली तेव्हा नवऱ्याचा फोन आला. संकेत ॲथलोनला एका टेलिकॉम कंपनीत होता, आणि आता त्याची डब्लिनला बदली होत होती.

"अगं, डब्लिनच्या ॲडम्सटाउन भागातलं ते घर शनिवारी बघायला जायचंय. स्टेशन अगदी समोर आहे. तुलाही तिकडे जॉब मिळेलच ना?"

"हो, चालेल," अश्लेषा म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच उभी राहिली.

पुढच्या खेपेला मॉराग तिथेच होती. अश्लेषाने तिला सहज विचारावं तसं विचारलं, "राजवाड्यात बाबांचं रोजचं काम काय असायचं?"

"लोकांना वाटतं, समारंभात मागे उभं राहायचं. ते दिसतं म्हणून. खरं काम नकार द्यायचं." मॉरागने कपातला चहा ढवळला. "राजकन्येला सतत आमंत्रणं यायची. शाळा, दवाखाने, पुष्पप्रदर्शनं. त्यातल्या बहुतेकांना नाही म्हणावं लागे, आणि ते असं, की समोरच्याला वाटावं आपला मानच झाला. यात बाबांचा हात धरणारं कोणी नव्हतं म्हणे."

अश्लेषाने कप खाली ठेवला. माणसाची वाचा जाते तेव्हा रोजचे साधे शब्द आधी जातात. हजारदा घोटलेलं मात्र राहतं. प्रार्थना, शिव्या, पाढे. तिचा एक पेशंट स्वतःचं नाव सांगू शकत नसे, पण गाणं अख्खं म्हणायचा. मग या माणसाचा हजारदा घोटलेला नकार कुठे गेला असेल?

ती उठून बैठकीच्या खोलीत गेली. लॉर्डसाहेब खिडकीशी बसले होते. तिने खुर्ची समोर ओढली आणि सरळ बसून, जरा वेगळ्या आवाजात म्हणाली, "सर, एका मासळीच्या कारखान्याचं आमंत्रण आलंय. उद्घाटनाला राजकन्येने यावं अशी त्यांची इच्छा आहे. काय कळवू?"

म्हाताऱ्याची मान ताठ झाली. गळ्याशी टाय नव्हता, तरी हात तिथे गेला. आणि एकही अक्षर न अडखळता ते म्हणाले, "राजकन्येला अत्यंत खेद वाटतो, परंतु ते शक्य होणार नाही."

ब्रीजच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"आणि बालरुग्णालयाच्या नव्या इमारतीसाठी?"

"राजकन्या आनंदाने स्वीकारतात."

अश्लेषाने घाई केली नाही. त्या दिवशी आणि पुढच्या भेटीत ती आमंत्रणं घेऊन बसली. राजकन्येवरून हळूहळू ती खुद्द लॉर्डसाहेबांवर आली. लॉर्ड ग्लेनॉरींना दुपारच्या जेवणात बीट आहे, काय कळवू? अत्यंत खेद वाटतो. कुत्र्याला घेऊन काठापर्यंत जायचं आहे? आनंदाने स्वीकारतात. तिने प्रश्न उलटसुलट फिरवून पाहिले, दिवस बदलून पाहिले. उत्तरं बदलली नाहीत. दुसऱ्याच्या वतीने बोलताना या माणसाला स्वतःचं मन सापडत होतं.

मग ज्या दिवशी मॉराग पुन्हा आली, त्या दिवशी अश्लेषाने तिला शेजारी बसवलं आणि विचारलं, "लॉर्ड ग्लेनॉरींना स्कॉटलंडला राहायला यावं असं आमंत्रण आहे. काय कळवू?"

खिडकीबाहेर सरोवरावर करडा उजेड पसरला होता. मग ते हलक्या, सभ्य आवाजात म्हणाले, "लॉर्ड ग्लेनॉरींना अत्यंत खेद वाटतो, परंतु ते शक्य होणार नाही."

"आणि या घरातच राहावं, असं असेल तर?"

"आनंदाने स्वीकारतात."

अश्लेषाला मनातून आनंद झाला होता. ती मॉरागकडे वळली आणि चपापली. मॉरागचा चेहरा पांढरा पडला होता. ती उठली, दार उघडून बाहेर गेली. अश्लेषा तिच्यामागे धावली तेव्हा ती काठाजवळच्या दगडी कठड्याला टेकून उभी होती.

"हे वाक्य मी आधी ऐकलंय," मॉराग म्हणाली. "आई गॉलवेच्या दवाखान्यात होती, शेवटचा आठवडा. बाबा राजकन्येबरोबर परदेशात होते. मी फोन केला, म्हटलं आता या. तर हेच. 'मला अत्यंत खेद वाटतो, परंतु ते शक्य होणार नाही.' शब्द न् शब्द. स्वर न् स्वर. पोटच्या मुलीला."

अश्लेषा कठड्यापाशीच थांबली. आपण इतक्या हौसेने जे दार उघडलं, ते नेमकं या बाईच्या जखमेवर उघडलं होतं.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"तुम्हाला कसं माहीत असणार? तुम्ही तुमचं काम चोख केलंत." मॉरागने डोळे पुसले. "त्यांना इथेच राहायचंय ना, राहू देत. मी आड येणार नाही. पण दर पंधरवड्याला येऊन हे ऐकायची ताकद माझ्यात नाही."

"एक सांगू?" अश्लेषा म्हणाली. "जे शब्द त्यांना सफाईने येतात ते सवयीचे आहेत. तेच त्यांच्या हाताशी आहेत म्हणून ते वापरतात. मोडकी काठी असली तरी माणूस तीच टेकतो. त्यांचा स्वतःचा शब्द आला ना, तर तो असा येणार नाही. अडखळत येईल."

दोघी आत आल्या. मॉरागने दालनातला कोट चढवला, बॅग उचलली. विमान संध्याकाळचं होतं, पण ती आत्ताच निघत होती. निरोपाला म्हणून वडिलांच्या खुर्चीपाशी वाकली आणि त्यांच्या गालाला गाल लावला.

"येते मी, बाबा."

"आपण आलात," ते म्हणाले, "फार बरं—"

आणि मध्येच थांबले. अश्लेषाने त्यांना वाक्य अर्धवट सोडताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मान हलवली, जणू ते वाक्य झटकून टाकलं. डाव्या, चांगल्या हाताने त्यांनी मॉरागच्या कोटाची बाही धरली. ओठ वाकडे झाले, कपाळावरची शीर ताठ झाली. घशातून एक घोगरा, ओबडधोबड आवाज आला, दरबारात कोणी कधी काढला नसेल असा.

"न... न... को." त्यांनी श्वास घेतला. "जा... ऊ... नको."

अश्लेषा मदतीला पुढे झाली नाही. तिचं काम तिथे नव्हतं. मॉराग तशीच वाकून उभी राहिली, बाही सोडवून न घेता. मग तिने बॅग खाली ठेवली, आणि ब्रीजने जवळ सरकवलेल्या खुर्चीत कोटासकट बसली. त्या संध्याकाळचं विमान तिच्याविनाच गेलं.

त्यानंतर लॉर्डसाहेबांनी नकारांचा सपाटाच लावला. व्यायाम नको, लापशी नको, भेटीला आलेला पाद्री नको. ब्रीज कुरकुरायची की याहून पहिलं बरं होतं. झोपायची खोली खाली आणली, रात्रीसाठी एक मदतनीस मिळाली, आणि मॉराग नाताळच्या सुट्टीत तीन आठवडे राहिली. बापलेकीत सगळं आलबेल झालं असं नाही. दवाखान्यातल्या त्या आठवड्याचा जाब तिने एकदा सरळ विचारला, तेव्हा ते रडले, पण उत्तर त्यांना देता आलं नाही. शब्द नव्हते की उत्तरच नव्हतं, हे अश्लेषालाही सांगता येईना. "ते मी तसंच ठेवलंय," मॉराग तिला म्हणाली. "पण आता मी येते तेव्हा ते माझी वाट बघत असतात. ते मला दिसतं."

ईस्टरच्या सुमाराला ते झोपेतच गेले. मॉरागने त्यांना स्कॉटलंडला नेलं नाही. न्यूआलाच्या शेजारी, तिथल्याच छोट्या दफनभूमीत ठेवलं. न्यूआलाचा म्हातारा भाऊ आला होता. तो फाटकाबाहेरच उभा राहिला, पण टोपी काढून.

अश्लेषाने संकेतला मध्यंतरी सांगून टाकलं होतं की तिला गॉलवे सोडायचं नाही. संकेतला आधी खरंच वाटेना. "मग तू चालेल कशाला म्हणालीस?" त्याने विचारलं. त्यावर दोन दिवस वाद झाले, अबोला झाला, मग बसून नीट बोलणं झालं. शेवटी गेले ते ॲडम्सटाउनलाच, कारण त्याची नोकरी तिथे होती आणि दुसरी वाट दिसत नव्हती. पण जाताना तिला काय वाटत होतं ते संकेतला ठाऊक होतं. नव्या घरात पोचल्यावर खोकी उघडायच्या आधी तो म्हणाला, "दोन वर्षं बघू. नाही रमलीस तर परत जाऊ." ती म्हणाली, "बघू," आणि चहासाठी पातेलं शोधू लागली.